झुंबरबाईंचा न पिकलेला मोतीबिंदू

मित्रांनो, माझ्यासारख्या मुठीत मावणाऱ्या वस्तूनं एवढी मोठी तक्रार घेऊन तुमच्यापुढं यावं, हे मला शोभत नाही. पण कोडोलीतल्या या घरात माझं ऐकणारं कुणी उरलेलं नाही, आणि तुम्ही अजून ऐकून घ्यायच्या वयाचे आहात. मी डोळ्याचा दाब मोजणारं एक जुनं यंत्र आहे. डॉक्टर लोक मला टोनोमीटर म्हणतात. कोल्हापुरात मात्र मला सगळे नुसतं ‘काटा’ म्हणायचे आणि मलाही तेच नाव आवडायचं.

डोळ्याला दाब असतो हेच तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. डोळ्याच्या आत सारखं थोडं थोडं पाणी तयार होतं आणि बारीक वाटेनं निघून जातं. मोरीचं भोक तुंबावं तशी ती वाट तुंबली की पाणी आतच साठतं, डोळा आतून ताणला जातो आणि मागची नस दबून दबून वाळते. यालाच काचबिंदू म्हणतात. तो दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही करत नाही. निदान बहुतेकांच्या बाबतीत तरी नाही. नजर तो कडेनं खात येतो आणि जेवढी खाल्ली तेवढी कधीच परत देत नाही. मोतीबिंदूचं तसं नाही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढलं की माणूस पुन्हा बघायला लागतो. दोघांच्या नावात बिंदू आहे, पण एकातून माणूस परत येतो आणि दुसऱ्यातून येत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. घडवणाऱ्यांनी माझा पाय बुबुळावर नीट टेकावा म्हणून जरासा खोलगट केला आणि त्यातून एक बारीक दांडी खाली सोडली. डोळा मऊ असला की दांडी आत दबते आणि माझा काटा पट्टीवर पुढं सरकतो. डोळा टणक असला की दांडी दबत नाही आणि काटा जागचा हलत नाही. काटा जास्त हलला म्हणजे दुखणं मोठं, असं लोकांना वाटतं. माझं उलटं आहे. मी हललो नाही की घाबरायचं. मखमलीच्या डबीत माझ्याशेजारी पोलादाचा एक गुळगुळीत ठोकळा बसवलेला आहे. कामाला लागण्याआधी मला त्याच्यावर टेकवून बघतात. पोलाद काही दबत नाही, म्हणून तिथं काटा शून्यावर राहिला तर मी ठीक आहे असं समजायचं.

शिकून आलेल्या तरुण गणपतराव डॉक्टरांनी मला कोल्हापुरात आणलं. लक्ष्मीपुरीत त्यांचा दवाखाना होता. तिथल्या काचेच्या कपाटात माझ्याआधीची वडीलधारी मंडळी बसलेली होती. मधोमध भोक पाडलेला एक आरसा होता, त्यातून डॉक्टर डोळ्याच्या तळापर्यंत बघायचे. चष्म्याच्या भिंगांची लाकडी पेटी होती. कपाट पुसताना डॉक्टर कधी कधी जुन्या काळच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या आज्याच्या लहानपणी म्हणे गावोगाव सुया घेऊन फिरणारे लोक यायचे. पांढरं झालेलं भिंग ते सुईनं डोळ्यातच खाली ढकलून द्यायचे. माणसाला लगेच दिसायला लागायचं, गाव गोळा व्हायचं, सुईवाला जेवून पुढच्या गावाला जायचा आणि पुढं कित्येकांचा डोळा सडून जायचा. ते ऐकून मला माझ्या जन्माचा अभिमान वाटायचा. आपण शहाण्या काळात जन्मलो, असं मी समजत होतो.

गणपतरावांचा एक नियम होता. चाळिशी ओलांडलेला माणूस कशासाठीही आला, तरी आधी त्याचा दाब बघायचा. एकदा वडगावचा एक गडी चष्म्याला आला आणि बाकड्यावर आडवं व्हायला सांगितल्यावर बिथरला.

“डॉक्टर, मला चष्मा पायजे. झोपवताय कशापायी?”

“पावणं, गुमान पडा. आत काय चाललंय ते चष्मा सांगत न्हाय.”

तो पडला. मी त्याच्या डोळ्यावर बसलो आणि जेमतेम हललो. त्या गड्याची नजर तिथं वाचली. मरेपर्यंत तो दरवर्षी येताना डॉक्टरांना काकवी आणायचा आणि मला लांबून हात जोडायचा. सांगायचं म्हणजे, माझेही चांगले दिवस होते.

आता झुंबरबाईंचं सांगतो. त्या कोडोलीहून एसटीनं यायच्या. आल्या होत्या केर काढायला, पण डॉक्टरांनी त्यांना हळूहळू सगळं शिकवलं. बधिर करायचे थेंब त्या घालायच्या, पापण्या दोन बोटांनी अलगद फाकवून धरायच्या आणि पेशंटचा हात धरून वर करायच्या. “अंगठ्याकडं बघा. आणि पापणी मिटलासा तर परत थेंब घालतो बघा,” असा त्यांचा दम असायचा. त्यांचा आवाज एवढा खणखणीत, की रस्त्यावरच्या माणसानंही पापणी मिटली नसती. काम झालं की त्या मला स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून ठेवायच्या. इतक्या मायेनं मला दुसऱ्या कुणीही पुसलं नाही.

त्या काळात मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचे. तेव्हाची पद्धतच तशी होती आणि तेव्हा ते बरोबरही होतं. डॉक्टर बॅटरीच्या उजेडात डोळ्याची बाहुली बघायचे. बाहुली पांढरी झाली असली की म्हणायचे, “पिकला. थंडी पडली की या.” काळी असली की म्हणायचे, “कच्चा हाय. पुढच्या वर्षी बघू.” हे शब्द झुंबरबाईंनी इतक्या वेळा ऐकले, की पुढं पुढं रांगेतल्या माणसांना त्या स्वतःच सांगायला लागल्या. त्यांच्यासाठी तो डॉक्टरसाहेबांचा शब्द होता.

डॉक्टर गेले. त्यांच्या मुलानं, राजवर्धननं, राजारामपुरीत मोठा दवाखाना काढला. तो हुशार आहे आणि मनानं वाईटही नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्याच्याकडं डोळ्यावर वाऱ्याची फुंकर मारून दाब सांगणारं यंत्र आलं. आडवं पडायला नको आणि थेंबही नकोत. मोतीबिंदूही आता पिकायच्या आधीच, बारीक चिरेतून निघायला लागला. जुनं कपाट रिकामं करायची वेळ आली. आरसा, पेटी, सगळं भंगाराच्या पोत्यात गेलं. माझा नंबर आला तेव्हा झुंबरबाई पुढं झाल्या. राजवर्धनला त्यांनी लहानपणी दवाखान्याच्या मागच्या खोलीत भात भरवलेला, त्यामुळं त्या त्याला अरे-तुरेच करायच्या.

“राजू, ह्यो काटा मला दे की.”

“मावशी, त्याचा आता काय उपयोग?”

“उपेग कशाला पायजे? तुझ्या वडलांचा हात लागलाय त्याला.”

असा मी कोडोलीला आलो. दवाखान्यातलं काम सोडून झुंबरबाईही घरी बसल्या. घरात मुलगा विजयसिंह, सून अनुजा आणि दोन म्हशी. विजयसिंह कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथवर आहे. टीव्हीच्या शेजारच्या फळीवर मला जागा मिळाली. झुंबरबाई रोज सकाळी डबी उघडायच्या, मला पुसायच्या, ठोकळ्यावर टेकवून काटा शून्यावर आहे का बघायच्या आणि डबी मिटायच्या. आल्यागेल्याला त्या मला कौतुकानं दाखवायच्या. मी खूश होतो. मूर्खासारखा खूश होतो.

मग एक दिवस आत येताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. दुसऱ्या दिवशी परत आपटला. दुधाची बादली उजवीकडं ठेवलेली असायची, तिला पाय लागून दूध सांडलं. पायात कोंबडी आली. वाढताना आमटी ताटाच्या बाहेर जायला लागली.

“आत्ती, ध्यान कुठं असतंय तुमचं?” अनुजा हसून म्हणायची. झुंबरबाईही हसायच्या आणि सुई-दोरा मागायच्या. समोर धरलेल्या सुईत त्या एका झटक्यात दोरा ओवून दाखवायच्या. “हे बघ. नजर हाय का न्हाय मला?”

समोरचं दिसत होतं, मित्रांनो. कडेचं गेलं होतं. काचबिंदू असाच येतो, हे गणपतरावांच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं होतं! झुंबरबाईंनीही ऐकलं होतं. पण त्यांच्या मनात काचबिंदू म्हणजे डोकं धरून, ओकाऱ्या काढत, लालबुंद डोळ्यानं आलेला माणूस असंच पक्कं बसलेलं. तसलाही एक काचबिंदू असतो आणि ते चेहरे विसरता येत नाहीत. गुपचूप येणारे रुग्णही त्यांनी बघितले होते, पण त्यांना तो आहे हे डॉक्टरांनी सांगितलेलं. आपल्याला डॉक्टरांनी काही सांगितलं नाही, म्हणजे आपल्याला तो नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पापण्या धरणाऱ्या बाईला आपणही कधी त्या बाकड्यावर पडावं, हे सुचलंच नाही.

नजर कमी होतेय हे त्यांनाही कळायला लागलं. तेव्हा त्यांनी स्वतःच निकाल दिला, मोतीबिंदू उतरला. आणि मोतीबिंदू म्हटल्यावर काय करायचं ते त्यांना पाठ होतं.

दिवाळी संपून थंडी पडली की त्या अंगणात उन्हाला तोंड करून बसायच्या. “अनुजा, जरा बघ गं. बाहुली पांढरी झालीया का?”

अनुजा वाकून नीट बघायची. “न्हाय आत्ती. काळीभोर हाय.”

“म्हंजे कच्चाच हाय अजून. ऱ्हाऊ दे. पुढच्या थंडीत बघू.”

पुढची थंडी यायची. त्यांना आणखी कमी दिसायचं, बाहुली काळीच असायची, आणि त्या आणखी एक वर्ष थांबायच्या. नजर एवढी जाऊनही बाहुली पांढरी होत नाही, म्हणजे दुखणं मोतीबिंदूचं नव्हे, एवढा साधा विचार या घरात कुणाच्याही डोक्यात आला नाही. मी फळीवर होतो. त्यांच्या डोळ्यापासून हातभर अंतरावर. रोज सकाळी त्या मला हातात घ्यायच्या, पुसायच्या, पोलादावर टेकवायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. मला तोंड असतं तर मी सगळी कोडोली गोळा केली असती. पण आमची जात मुकी. कुणी उचलून डोळ्यावर ठेवलं तरच आम्ही बोलतो.

राजवर्धनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं का? थोडं होतं. गणपतरावांच्या पुण्यतिथीला झुंबरबाई दरवर्षी जायच्या. तिथं तो विचारायचा, “मावशी, डोळं कसं हाईत?”

“मोतीबिंदू उतरलाय थोडा. पिकला की येतो.”

“आता पिकायची वाट बघत न्हाईत, मावशी. कवाबी या, काढून टाकू.” एवढं बोलून तो दुसऱ्या पाहुण्यांकडं वळायचा. झुंबरबाई घरी येऊन म्हणायच्या, “ही पोरं लई घाईची. डॉक्टरसाहेबांनी कच्चा कवा काढला न्हाय.” शिवाय त्या दवाखान्यात पेशंटच्या रांगेत जाऊन बसणं त्यांना जड जायचं. जिथं आपण नंबर पुकारले, तिथं आपला नंबर कुणी पुकारावा? त्यानं एकदा हाताला धरून त्यांना आत नेलं असतं, तर त्या गेल्या असत्या. पण तोही मोतीबिंदूच समजून चालला. जाणकार बाई सांगतेय म्हटल्यावर त्यानं विचारलं नाही, आणि डॉक्टर विचारत नाही म्हटल्यावर त्या निर्धास्त राहिल्या. आता मी कुणाला बोल लावू?

गेल्या थंडीत एका सकाळी झुंबरबाईंना समोर बसलेल्या विजयसिंहाचं तोंड दिसेना. घरातले घाबरले. त्या मात्र खूश झाल्या, मित्रांनो. खरंच खूश झाल्या. “पिकला बघ एकदाचा!” त्या म्हणाल्या. त्यांनी ठेवणीतलं लुगडं काढलं. पट्टी सुटल्यावर माणसं कशी रडतात आणि कशी हसतात, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. आता ती पाळी आपली आली, असं त्यांना वाटलं. “पट्टी सुटली की पयला तुझा चेहरा बघणार,” त्या लेकाला म्हणाल्या. राजूच्या दवाखान्यातल्या नव्या मंडळींना दाखवायला म्हणून त्यांनी मलाही पिशवीत घेतलं.

राजवर्धननं त्यांना रांगेत बसू दिलं नाही, थेट आत नेलं. यंत्रानं फुंकर मारली. मग त्यानं निळा दिवा लावून परत दाब बघितला. मग थेंब घालून, बाहुली मोठी करून डोळ्याच्या तळाशी बघितलं. त्याला बराच वेळ लागला. पिशवीत मला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

“मावशी, मोतीबिंदू लई थोडा हाय,” तो म्हणाला.

“मग दिसंना कसं?”

त्यानं फुंकरीचं यंत्र पुन्हा पुढं ओढलं. झुंबरबाई म्हणाल्या, “तुझ्या फुंकरीवर माझा इस्वास न्हाय. पिशवीत काटा हाय. तू लाव.”

“त्याची गरज न्हाय, मावशी.”

“लाव म्हणतोय न्हवं मी.”

त्यानं मला धुतलं, पुसलं आणि ठोकळ्यावर टेकवून बघितलं. त्याचा हात त्याच्या वडलांच्या हातासारखाच होता. झुंबरबाई आडव्या झाल्या. कुणी न सांगता त्यांनी आपला हात वर केला, अंगठा डोळ्यासमोर धरला आणि जो अंगठा त्यांना दिसत नव्हता त्याच्याकडं बघत राहिल्या. त्यानं मला त्यांच्या डोळ्यावर ठेवलं.

इतकी वर्षं ज्या झुंबरबाईंनी मला सांभाळलं, त्यांच्या डोळ्याला मी पहिल्यांदा शिवलो. तो डोळा पोलादाच्या ठोकळ्यासारखा लागला. मी सगळा जीव लावून दांडी खाली रेटली. काटा हलला नाही.

“कुठं हाय काटा?” झुंबरबाईंनी विचारलं.

राजवर्धननं मला उचलून पुन्हा एकदा टेकवलं.

“राजू, काटा कुठं हाय, इचारतोय मी.”

“हलला न्हाय, मावशी.”

“दुसऱ्या डोळ्याला लाव.”

दुसराही तसाच. कोल्हापुरात या उत्तराचा अर्थ झुंबरबाईंइतका दुसऱ्या कुणाला कळला नसता. त्यांनी हात खाली घेतला. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुझं वडील असतं तर मला कवाच आडवं केलं असतं.” राजवर्धन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. एवढा मोठा डॉक्टर, पण पोरासारखा हुंदके देत होता. मला त्याची कीव आली आणि रागही आला. दोन्हीचा आता काही उपयोग नव्हता.

मग त्यानं तोंड धुतलं आणि विजयसिंहाला आत बोलावलं. दाब उतरवायला थेंब दिले. गेलेली नजर येणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. आणि म्हणाला, “हे दुखणं रक्तातनं येतंय. तुझा दाब आत्ताच बघू. बस हितं.”

तेवढ्यात विजयसिंहाचा फोन वाजला. कागलला मशीन बंद पडलेलं, साहेब ओरडत होते. “माझं डोळं चोख हाईत,” तो उठत म्हणाला. “लांबनं गाडीचा नंबर वाचतो मी. पुढच्या टायमाला बघू.” आईला रिक्षात बसवून तो निघाला. राजवर्धन पायऱ्यांपर्यंत मागं आला, पण तोवर रिक्षा सुटली होती.

आता मी परत फळीवर आहे. मला पुसायला आता कुणी येत नाही. झुंबरबाई आपले थेंब आपणच घालतात, एकही गालावर सांडत नाही. त्यांचा तो खणखणीत आवाज मात्र घरात ऐकू येत नाही. जेवायला हाक मारली तरी त्या ‘व्हय’ एवढंच म्हणतात.

परवा संध्याकाळी त्यांनी विजयसिंहाला जवळ बोलावलं. “हितं बस. डोळं मीट.” त्यानं मिटले. त्यांनी चाचपत त्याच्या मिटल्या पापणीवर दोन बोटं ठेवली आणि आळीपाळीनं हलकेच दाबली. माझ्यासारखी यंत्रं जन्मायच्या आधी डॉक्टर लोक असंच बोटांनी दाब अजमावायचे. गणपतरावांनीच कधीतरी त्यांना ते शिकवलं असणार. मग तीच दोन बोटं त्यांनी आपल्या डोळ्यावर ठेवली. परत त्याच्या. परत आपल्या.

“इज्या,” त्या म्हणाल्या, “सारखाच लागतोय रं.”

तो हसला. “आई, बोटानं काय कळतंय व्हय?”

“उद्या जा. माझ्यासाठी जा.”

“कंपनीत माल जायचाय गं. एवढा म्हैना जाऊ दे, मग जाऊ की.” तो उठून गोठ्यात गेला. झुंबरबाईंनी त्याला अडवायला हात पुढं केला, तेव्हा तो तिथं नव्हता.

मित्रांनो, शेवटी काहीतरी शिकवण द्यायची असते म्हणे. मला सगळ्या जगाला शिकवायचं बळ नाही. बोटांचा अंदाज चुकतोही, तो चुकलेला असावा असं मी रात्रंदिवस घोकतोय. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणाचे बाबा कागलला लेथवर असतील, तर त्यांना सांगा, कोडोलीच्या विजयसिंहाला हाताला धरून डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या. त्याचं काही ऐकून घेऊ नका. आणि नेल्यासारखं स्वतःही तिथं बसा. मी किंवा माझ्यासारखं कुणीतरी घटकाभर त्यांच्या डोळ्याला लागू द्या.

अजून वेळ आहे, असं मला वाटतं. झुंबरबाईंच्या बाबतीतही मला असंच वाटत होतं.